गढूळ बिटर आणि घोळ माशाचं बोत

घरी केलेली बिअर गढूळ निघाली की करणारा हमखास एकच प्रश्न विचारतो, ‘‘यात आता काय घालू?’’ मी इंग्लंडातल्या डर्बीत राहते आणि गॅरेजमध्ये बिअर करते. इथल्या आमच्या मराठी मंडळींत काहींना हा नाद लागल्यापासून असे फोन अधूनमधून येत असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. अजून काहीही घालू नकोस. फ्रिजमधून एक ग्लास भरून घे, टॉर्चसमोर धर आणि तसाच ओट्यावर ठेवून अर्ध्या-पाऊण तासाने परत बघ.

कारण गढूळपणा एका जातीचा नसतो. प्रथिनांचा वेगळा, यीस्टचा वेगळा, स्टार्चचा वेगळा, आणि जंतूंचा तर अगदीच वेगळा. चौघांचे उपायही वेगळे. कुठला आहे ते न बघता दुकानातून पुडी आणून ओतली, तर बिअर निवळत नाहीच, वर झाकण उघडल्यामुळे आत हवा शिरते आणि चांगल्या जमलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

कुणी म्हणेल, गढूळ असली तर असली, चवीला बरी आहे ना? गव्हाच्या बिअरबद्दल मी हे आनंदाने मान्य करते. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत मिळणारी हेफेवायझन गढूळच असायला हवी, तिच्यातलं यीस्ट हाच तिचा स्वभाव. पण मी करते ती इंग्लिश बिटर, म्हणजे इथल्या पबमधली नेहमीची तांबूस, कडसर बिअर, आणि बिटरच्या बाबतीत मी हट्टी आहे. ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल या हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास मुळात हळू आवाजात बोलणारा. माती, सुकं गवत, किंचित मध. यीस्ट तरंगत राहिलं की जिभेवर पिठूळ थर बसतो आणि हे सगळं त्याखाली दबून जातं. बिटरमधला नितळपणा डोळ्यांपुरता नाही, तो चवीतही लागतो.

आता त्या ओट्यावरच्या ग्लासाकडे येऊ. गार असताना धुरकट दिसणारी बिअर खोलीच्या उबेला येता येता स्वच्छ होत गेली, तर तो थंडीचा गढूळपणा. सातूच्या दाण्यातली काही प्रथिनं, आणि दाण्याच्या सालीतून व हॉप्समधून उतरलेले पॉलिफेनॉल म्हणजे तुरट पदार्थ, यांचं एकमेकांकडे ओढा घेण्याचं जुनं नातं आहे. बिअर चार-पाच अंशांच्या खाली गेली की ते हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि त्यांचे इतके मोठे पुंजके होतात की त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो. वीस अंशांच्या आसपास ते बंध सुटतात आणि सगळं परत विरघळतं. टॉर्चच्या उजेडात हे बघायला मला अजूनही फार आवडतं. आधी ग्लासाच्या कडेने, जिथे काच लवकर तापते तिथे, एक पारदर्शक पट्टी दिसू लागते. मधला भाग दुधाळच असतो. मग पट्टी आत आत सरकते, आणि एका क्षणी पलीकडच्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येतात. चवीत मात्र या सगळ्यात काही फरक नसतो. म्हणून हा गढूळपणा निरुपद्रवी. पण महिनोन्महिने असं गार-गरम होत राहिलं की तेच बंध पक्के होतात, मग कितीही ऊब द्या, ते सुटत नाहीत.

ग्लास उबेला येऊनही तसाच राहिला तर पुढची चौकशी. लफबरोच्या एका मित्राने एकदा अशाच बाटल्या आणून दिल्या होत्या. बिअर ओट्स घालून केलेली, रंग सुरेख, पण कितीही दिवस ठेवली तरी ढग तसाच. एक पांढरी बशी घेतली, त्यात चमचाभर बिअर ओतली आणि वर आयोडीनचा एक थेंब टाकला. थेंब पडला तिथून गडद निळी-जांभळी रेघ पसरली. तो चकित होऊन बघतच राहिला. मी म्हटलं, ‘‘अरे, ही शाळेत बटाट्यावर केलेलीच परीक्षा. तुझ्या बिअरमध्ये स्टार्च आहे.’’ त्याने ओट्स नुसतेच गरम पाण्यात भिजवून गाळून घेतले होते. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, सोबतीने ते ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर राहिले असते, तर माल्टमधल्या विकरांनी त्यांच्या स्टार्चची साखर केली असती. कच्चा स्टार्च यीस्टला खाता येत नाही, थंडीने तो धडपणे खाली बसतही नाही. तयार बिअरमध्ये त्याच्यावर सोपा इलाज नाही. ती बॅच पिऊन संपवायची आणि पुढच्या वेळी मॅश, म्हणजे हे माल्टसोबतचं गरम पाण्यातलं भिजवणं, नीट करायचा. (ज्या बशीत आयोडीन घातलं ती बिअर प्यायची नाही, हे सांगायला नको, तरी सांगते.)

जंतूंच्या गढूळपणाबद्दल फार लिहीत नाही. पृष्ठभागावर साय धरल्यासारखा पापुद्रा, नको तिथे आंबटपणा, बाटली उघडताच फेसाचा फवारा, यातलं काही असेल तर ती बिअर निवळण्यापलीकडे गेली. ती ओतून द्यायची, नळ्या नव्या आणायच्या आणि भांडी घासायला बसायचं.

राहिलं यीस्ट. घरगुती बिअरमध्ये बहुतेक वेळा ढग याचाच असतो, आणि यीस्टची गोष्ट मला सगळ्यांत सुंदर वाटते. साखर भरपूर असते तोवर प्रत्येक पेशी सुटी फिरते, खाते, वाढते. साखर संपत आली की त्यांच्या अंगावरची काही प्रथिनं शेजारच्या पेशीच्या कवचातल्या मॅनोज या साखरेला पकडतात. आधी हीच पकड बिअरमधल्या साखरेने अडवून धरलेली असते. या कामाला कॅल्शियम लागतं. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, असे झुबके बनतात, आणि इथून पुढे भौतिकशास्त्र काम करतं. द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे झुबका व्यासाने दुप्पट झाला की चौपट वेगाने खाली बसतो. एकटी पेशी काही मायक्रॉनची, ती आठवडे तरंगू शकते. हजार पेशींचा झुबका एका रात्रीत तळ गाठतो.

मात्र सगळी यीस्ट सारखी नसतात. लंडनच्या फुलर्सकडून आलेलं म्हणून ओळखलं जाणारं एक इंग्लिश यीस्ट आहे. त्याचे झुबके असे दाट होतात की काम पुरं व्हायच्या आधीच ते फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, तळाशी जाऊन बसतं आणि त्याला हलवून उठवावं लागतं. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट उलट, त्याला खाली बसायची घाई नसते. त्यामुळे नितळ बिअर हवी असेल तर तो निर्णय यीस्टची पुडी निवडताना घ्यायचा असतो. बिअर तयार झाल्यावर तो घ्यायला बसलं की उशीर झालेला असतो.

खरं तर निवळण्याची निम्मी कामं चुलीवरच होतात. माल्टचा गोड काढा, ज्याला आम्ही सगळे वर्टच म्हणतो, तो तासभर खळाखळा उकळायला हवा. मंद आचेवर गुरगुरत ठेवून चालत नाही. जोरदार उकळीत प्रथिनं आकसतात आणि त्यांचे पिंजलेले तुकडे पातेल्यात वरखाली फिरू लागतात. ते दिसले की मला हायसं वाटतं. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस घालायचा. हे आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावरचं तांबूस समुद्री शेवाळ, त्यातला कॅरागीनन ऋणभारित असतो आणि धनभारित प्रथिनांना गोळा करतो. हल्ली त्याच्या गोळ्या मिळतात, २३ लिटरला एक पुरते. जास्त घातली तर तळाशी कापसासारखा फुगीर थर जमतो आणि चांगली बिअर त्यात अडकून वाया जाते. उकळी थांबली की तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून गार पाणी सोडून वर्ट शक्य तितक्या लवकर थंड करायचा, म्हणजे प्रथिनांचा आणखी एक हप्ता तिथेच खाली बसतो.

डर्बीपासून जवळच बर्टन अपॉन ट्रेंट आहे, आणि बर्टनचं नाव घेतल्याशिवाय नितळ बिअरबद्दल बोलता येत नाही. तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं, म्हणजे कॅल्शियम आणि सल्फेटने भरलेलं. कॅल्शियममुळे प्रथिनं नीट आकसतात, यीस्ट चांगलं बसतं. एकोणिसाव्या शतकात इथली फिकी, कडू, चकचकीत बिअर पिंपांतून कलकत्त्याला आणि मुंबईला जात होती. इंडिया पेल एल म्हणजे तीच. माझ्या शेजारी राहणारे गृहस्थ बर्टनच्या एका ब्रुअरीत तळघर सांभाळून निवृत्त झाले. आम्ही दोघं कुंपणावरून बोलतो. मी मॅशच्या पाण्यात चिमूटभर जिप्सम घालते ते त्यांच्या सांगण्यावरून.

बिअर इतकी नितळ असावी असा आग्रह तरी कधी धरला जाऊ लागला? लोक कथलाच्या, मातीच्या, लाकडी पेल्यांतून पीत होते तोवर आत काय तरंगतंय हे कोण बघणार? लंडनची पोर्टर तर काळीच. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झेन गावात योसेफ ग्रोलने सोनेरी लागर काढली, १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला, आणि हळूहळू पिणाऱ्याच्या हातात काचेचा ग्लास आला. त्यानंतर ढग लपवायला जागा उरली नाही.

आता त्या पुडीकडे, जी सगळ्यांना आधी हवी असते. इंग्लंडात पिंपातल्या बिअरला शतकानुशतकं आयझिंग्लास घालतात. आयझिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी, वाळवून, सौम्य आम्लात विरघळवून केलेला दुधट, लिबलिबित द्रव. होमब्रूच्या दुकानात त्याची बाटली फ्रिजमध्ये ठेवलेली असते. मी ती पहिल्यांदा हातात घेऊन मागचं लेबल वाचलं, तेव्हा मला आमचा पालघरचा बाजार आठवला. सातपाटीची मासळी घेऊन येणाऱ्या मावशींकडे घोळ मासा असायचा, पण बोत, म्हणजे त्याची हीच हवेची पिशवी, कधी नसायचं. ते बंदरावरच काढून वेगळं व्यापाऱ्याकडे गेलेलं असायचं. मासा आमच्या कालवणात, बोत दूर देशी. लहानपणी एवढंच कळलं होतं की माशापेक्षा त्याच्या पोटातली ती पिशवी महाग. २०२१ मध्ये पालघरच्या एका मच्छीमाराला दीडशेहून जास्त घोळ मासे एका फेरीत मिळाले आणि त्यांचा लिलाव सव्वा कोटीच्या वर गेला, तो या बोतामुळेच. आज त्याला पूर्वेकडच्या देशांत खाण्यासाठी मोठी मागणी आहे. पण ब्रुअरच्या जुन्या पुस्तकांत आयझिंग्लासचे प्रकार बंदरांच्या नावाने दिलेले असतात: सायगॉन, पेनांग, कराची, मुंबई. बर्टनची बिअर मुंबईला जात होती आणि मुंबईचं बोत इंग्लंडच्या पिंपांत पोचत होतं.

त्याआधी ही पिशवी रशियातून यायची, स्टर्जन माशाची, आणि भयंकर महाग पडायची. १७९५ मध्ये विल्यम मर्डॉकने कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. हा मर्डॉक म्हणजे बोल्टन आणि वॉटच्या कारखान्यातला इंजिनिअर, गॅसच्या दिव्यांसाठी प्रसिद्ध झालेला. लंडनच्या ब्रुअरांनी त्याच्या या युक्तीसाठी २,००० पौंड मोजले. मी स्वतः मशीनच्या कामातली, त्यामुळे वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाने बिअर निवळायलाही डोकं लावलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

ते काम करतं कसं, हे मला तुरटीवरून लवकर समजलं. पावसाळ्यात आजीकडे विहिरीचं पाणी लालसर यायचं. ती हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवायची, झाकण ठेवायची आणि कुणाला हंडा हलवू द्यायची नाही. (तिच्या आईच्या काळी निवळीचं बी भांड्याला आतून घासत.) मातीचे कण ऋणभारित असतात, एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, तुरटीतलं ॲल्युमिनियम धनभारित, ते हा भार मारून टाकतं आणि कण एकत्र येऊन साका बसतो. बिअरमध्ये यीस्ट ऋणभारित आणि माशाच्या पिशवीतलं कोलॅजन धनभारित. तत्त्व तेच. फरक इतकाच की कोलॅजनचा तीन पदरी पीळ उष्णतेने उलगडतो आणि मग ते कामातून जातं. म्हणून बाटली गार जागी ठेवायची, वीस अंशांच्या वर कधीच जाऊ द्यायची नाही. शेजारच्या गृहस्थांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी बाटलीवर नव्हती: आयझिंग्लास घातल्यावर बिअरचं तापमान उतरत असेल तर ते आळशी होतं, हळूहळू चढत असेल तर झपाट्याने काम करतं. म्हणून पबच्या तळघरात आधी गार असलेलं पिंप आणून बारा अंशांच्या आसपास स्थिर होऊ देतात आणि एक-दोन दिवस हात लावत नाहीत.

आयझिंग्लासचं मला मनापासून खटकतं ते वेगळंच. आमच्याकडे येणाऱ्यांत शाकाहारी मंडळी आहेत, एक जैन कुटुंबही आहे. त्यातले काही बिअर घेतात, मासा कधीच नाही. इथल्या नियमाप्रमाणे बिअर निवळायला आयझिंग्लास वापरलं असेल तर ते लेबलवर लिहायची सक्ती नाही, माशाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठीच्या सूचनेतूनही त्याला सूट आहे. पिणाऱ्याला कळायचा मार्गच नसतो. गिनेसने २०१५ मध्ये आयझिंग्लास सोडत असल्याचं जाहीर केलं, तोवर कितीतरी शाकाहारी माणसांनी ती निर्धास्तपणे घेतली असेल. कारखान्याचं कारखान्यापाशी. माझ्या घरी माझ्या हाताने ओतलेल्या ग्लासात काय आहे, हे पाहुण्याला माहीत असलंच पाहिजे. एखादं पातेलं आयझिंग्लासने निवळलेलं असेल तर त्या केगला (बिअरच्या धातूच्या पिंपाला) मी लाल चिकटपट्टी लावते आणि तोंडाने सांगतेही. जिलेटिनचंही तेच, ते डुकराचं नाहीतर गाईचं.

जिलेटिन मात्र थंडीच्या गढूळपणाला फार गुणकारी, हे नाकारत नाही. वीस लिटरला अर्धा ते एक चमचा, वाटीभर पाण्यात फुगवून ६५ अंशांच्या आसपास तापवायचं (उकळलं तर ताकद जाते), आणि बिअर आधीच चार-पाच अंशांवर असताना घालायचं. गार असतानाच का, तर प्रथिनं आणि पॉलिफेनॉल यांचे पुंजके तेव्हाच तयार असतात. उबदार बिअरमध्ये ते विरघळलेले, मग जिलेटिन पकडणार कुणाला? शाकाहारी पर्याय हवे असतील तर सिलिका जेल आहे, प्रथिनं धरतं. पीव्हीपीपी नावाची बारीक पूड आहे, ती पॉलिफेनॉल ओढून घेते आणि दोन्ही तळाशी बसतात. आणि एक विकर मिळतं, जे नेमकं ढग करणारी प्रथिनं कापून टाकतं. ते फर्मेंटेशनच्या सुरुवातीलाच घालावं लागतं.

एवढं सगळं सांगून झालं तरी माझ्या केगांपैकी बहुतेकांत यातलं काहीच पडत नाही. योग्य यीस्ट, जोरदार उकळी, आयरिश मॉस, जिप्सम, आणि मग थंडी. फर्मेंटेशन पूर्ण झालं की फर्मेंटर शून्य-एक अंशावर आठवडाभर. इथे एक काळजी घ्यावी लागते. गार होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पाणी भरलेल्या बुचातून, पाणी व हवा आत ओढली जाते. त्यामुळे मी तोंडाला कार्बन डायऑक्साइड भरलेली पिशवी जोडते, आत जायचंच तर तो वायू जातो. कुठलीही पुडी न घालता आठवडाभराने बिअर पुष्कळ निवळते, आणि केगमध्ये आणखी दोन आठवडे गेले की वर्तमानपत्र वाचता येतं. घाई असेल, गणपतीला माणसं यायची असतील, तेव्हाच मी कपाटातली सिलिका काढते.

आमच्यातली तरुण मंडळी या सगळ्यावर हसतात, कारण त्यांना हवी असते हेझी आयपीए, म्हणजे मुद्दाम गढूळ ठेवलेली इंडिया पेल एल. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधून ही लाट आली. वॉटरबरीच्या द अल्केमिस्ट या ब्रुअरीने २०११ मध्ये हेडी टॉपर ही आपली अशी बिअर डब्यात भरायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने हेझी बिअरचे वेगळे वर्ग मान्य केले. ओट्स, गहू आणि बेसुमार हॉप्स, सगळे ढगाचे सामान. आंब्याच्या रसासारखी दिसते आणि वासही फळांचा. तिला निवळायला जाणं म्हणजे तिचा जीव काढणं, तिचे हॉप्सचे तेलकट सुवास त्या ढगालाच धरून असतात. माझ्या एका भाचीने ती करायला घेतली तेव्हा तिने विचारलं, ‘‘मावशी, हिला काय घालू?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही. फक्त हवा लागू देऊ नकोस आणि लवकर संपव.’’

बाटलीत भरलेल्या बिटरबद्दल एकच सांगायचं राहिलं. बाटलीतल्या साखरेवर यीस्टने पुन्हा थोडं काम केलेलं असतं, त्यामुळे तळाशी पातळ साका असणारच. बाटली आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये उभी ठेवायची, आडवी नाही. ओतताना ग्लास तिरका धरायचा आणि बाटली एकाच झोकात रिकामी करायची. मध्ये थांबून सरळ केली की साका उठतो. मानेपाशी पहिली धुरकट शेपटी दिसली की थांबायचं. तळाला उरतं बोटभर. ते मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते. इथल्या थंडीत तो जगवणं कठीण, पण आमचा चांगला वाढतोय.